बोली कालच्या खेळावर, खेळ उद्याच्या गुडघ्यावर

‘पैसा आला की माणूस बसतो!’ आमच्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममधलं हे ठरलेलं वाक्य. मॅच फुटबॉलची असो नाहीतर प्रो कबड्डीची, कोटीवाला खेळाडू लंगडत बाहेर पडला की मागच्या रांगेतून कुणीतरी हे म्हणतोच. मग दुसरा म्हणतो ‘नजर लागली रे’, तिसरा म्हणतो ‘मस्ती आली होती’ आणि सगळे मेसकडे निघतात. मीही दोन वर्षं हेच म्हणत होतो. पण यंदा गॅदरिंगच्या वेळी आमच्याच विंगमधला एक गुडघा गेला आणि हे वाक्य माझ्या घशात अडकलं. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी मोठ्यांची.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई आठवतोय ना? २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिल्याच मोसमात चढाईचे दोनशेच्या वर गुण! पुढच्या लिलावात, एप्रिल २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. त्या लिलावातली ती सगळ्यात मोठी बोली. गड्याने पहिल्या वर्षी पुन्हा दोनशेच्या वर गुण काढले, म्हणजे पैसे वसूल. मग कोरोना आला. दोन वर्षं लीग बंद. डिसेंबर २०२१ मध्ये खेळ सुरू झाला आणि तीन सामन्यांतच सिद्धार्थचा खांदा गेला. २०२२ च्या लिलावात त्याच्यावर बोली लागली २० लाखांची. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने पुन्हा १ कोटी मोजले. माणूस तोच, खांदा तोच, भाव मात्र शेअर बाजारासारखा वरखाली!

पवन सेहरावतचं तर विचारूच नका. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतला. मोसमातल्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि अख्खा मोसम बाकावर.

फुटबॉलमध्ये आकडे मोठे, पण गोष्ट हीच. ईडन हझार्ड चेल्सीकडून सात मोसम खेळला, साडेतीनशे सामने, ११० गोल. २०१९ मध्ये रेआल माद्रिदने त्याच्यासाठी दहा कोटी युरोंच्या आसपास मोजले. तिथे चार मोसमांत मिळून ७६ सामने आणि गोल फक्त ७. ऑक्टोबर २०२३ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. नेमार २०२३ मध्ये सौदीच्या अल हिलालकडे गेला, किंमत सुमारे ९ कोटी युरो. दोन महिन्यांत ब्राझीलकडून खेळताना गुडघ्याचा लिगामेंट तुटला. अल हिलालसाठी दीड वर्षात त्याचे सामने झाले सात!

आता मुद्दा. हे नजरेने होतं का? मस्तीने होतं का? मला वाटतं, याचं उत्तर टीव्ही रूममध्ये नाही, आपल्या रस्त्यावर आहे.

आपण राहतो वागळे इस्टेटमध्ये. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची ही पहिली औद्योगिक वसाहत. आता बऱ्याच शेडच्या जागी काचेच्या आयटी बिल्डिंगा उभ्या आहेत, पण आतल्या रोडवर अजून छोटी वर्कशॉप चालतात. तिथे जुनी लेथ घ्यायला जाणारा माणूस कधी बघितलाय का? मशीनने गेल्या वर्षी किती जॉब काढले, हे ऐकून तो खूश होत नाही. उलट दचकतो! बेड कुठे घासलाय, स्पिंडलमध्ये प्ले आहे का, किती शिफ्ट चालायची, हे आधी विचारतो. कारण जास्त माल काढला म्हणजे मशीन जास्त झिजलं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

खेळाडूच्या बाजारात बरोबर उलटं. ज्याने गेल्या मोसमात सर्वात जास्त चढाया केल्या, सर्वात जास्त लाथा खाल्ल्या, त्याचीच बोली सर्वात मोठी. बोली लागते कालच्या खेळावर आणि तो खेळ शरीराने आधीच झिजून फेडलेला असतो. आता कुणी म्हणेल, अरे, करार करण्याआधी मेडिकल होते की! होते. पण मेडिकलमध्ये आज काय तुटलंय ते दिसतं. उद्या काय तुटणार आहे, ते सगळं दिसत नाही.

मेकॅनिकलवाल्यांनी फटीगचा चॅप्टर आठवावा. (ऑप्शनला टाकला असेल तर आता वाचा.) एकोणिसाव्या शतकात जर्मनीत व्होलरने रेल्वेचे अ‍ॅक्सल का तुटतात याचा अभ्यास केला. एका मोठ्या धक्क्याने न तुटणारा अ‍ॅक्सल छोट्या लोडच्या लाखो फेऱ्यांनी तुटतो. आधी केसाएवढा तडा पडतो, मग तो वाढत जातो आणि एक दिवस साध्या लोडखाली काम संपतं. बघणाऱ्याला वाटतं, अचानक तुटला.

हझार्डचा घोटा असाच वाचता येतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या संघाविरुद्ध टक्कर झाली, उजव्या पायात बारीक फ्रॅक्चर. फेब्रुवारी २०२० मध्ये तो परतला आणि परतल्यावरच्या दुसऱ्याच सामन्यात त्याच उजव्या पायाचं हाड मोडलं. त्याला घाईने उतरवलं, असा आरोप मी करत नाही, मी काही त्याचा डॉक्टर नाही. पण जिथे एकदा तडा पडला तिथेच पुन्हा पडायची भीती जास्त, हे प्रत्येक फिजिओ सांगतो.

आणि इथेच किंमत मध्ये येते. वीस लाखांचा खेळाडू तीन आठवडे बाकावर बसला तर कुणी विचारत नाही. दोन कोटींचा बसला की मालक विचारतो, पेपरवाले विचारतात, पब्लिक ओरडतं. सगळ्यात वाईट म्हणजे तो स्वतःच स्वतःला विचारतो, ‘मी एवढे पैसे घेतले, बसू कसा?’ शिवाय नवा संघ, नवा कोच, नवा डॉक्टर. जुन्या ठिकाणी त्याचा कुठला स्नायू कधी कुरकुरतो हे मालिशवाल्यालाही पाठ असायचं. इथे ते पहिल्यापासून शिकायचं आणि तेही मोसम चालू असताना.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पवनचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला. तो थकव्याने गेला असं म्हणणं म्हणजे ओढूनताणून थिअरी बसवणं. अपघातही होतात. आणि महागडा पडला की आपल्याला वर्षानुवर्षं आठवतं. स्वस्तातले किती पडले, त्यांची नावंही आपल्याला माहीत नसतात. पवन परतला, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत भारताचा कप्तान म्हणून त्याने सुवर्ण जिंकलं आणि पुढच्या लिलावात आधीपेक्षा जास्त भावाने गेला. उस्मान डेम्बेले २०१७ मध्ये विसाव्या वर्षी दहा कोटींच्या वर युरोंना बार्सिलोनात आला आणि महिन्याभरात मांडीचा स्नायू फाटून बसला. पुढे कित्येक वर्षं तो म्हणजे ‘काचेचा माणूस’. त्याच डेम्बेलेने २०२५ मध्ये बॅलन डी’ऑर जिंकला!

लोखंडात आणि माणसात फरक आहे तो इथे. अ‍ॅक्सलला सुट्टी दिली तरी तडा भरून येत नाही. हाडाला दिली तर येतो. मशीनपेक्षा ही एक सोय निसर्गाने आपल्याला जास्त दिली आहे आणि किंमत वाढली की आपण नेमकी तीच काढून घेतो.

आता आमच्या विंगची गोष्ट. नाव सांगत नाही, हॉस्टेलला माहीत आहेच. आमचा पठ्ठ्या मातीतला रेडर. दिवाळीनंतर जवळच्याच एका मंडळाने त्याला ‘बाहेरचा खेळाडू’ म्हणून बोलावलं. एका स्पर्धेचे तीन हजार, वर टी-शर्ट आणि जेवण. आम्ही त्याला ‘ट्रान्स्फर झाली रे’ म्हणून वडापावची पार्टी मागितली, त्याने दिलीही. स्पर्धा होती मॅटवर. मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट पाय धरून ठेवतो. त्यात बूट उसने. वरचं शरीर वळलं, पाऊल वळलं नाही, मधल्या मधे गुडघा पिळवटला. सूज आली. मंडळाचे लोक म्हणाले, ‘बर्फ लाव, स्प्रे मार, चालतंय.’ त्याने उरलेले दोन सामने खेळून काढले.

आठ दिवसांनी आमची इंटर-हॉस्टेल फायनल. तो म्हणाला, ‘नको वाटतंय.’ आम्ही म्हणालो, ‘त्यांच्यासाठी खेळलास, आपल्यासाठी नाही?’ हे वाक्य कुणा मालकाचं नव्हतं, कोचचं नव्हतं. ते माझं होतं. क्रेप बँडेज मीच बांधलं. तिसऱ्या चढाईला तो खाली बसला तो उठलाच नाही. लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं, खर्च घरच्यांनी केला. डॉक्टरांनी निदान नऊ महिने खेळ बंद सांगितलाय. पेपर त्याने पाय स्टुलावर ठेवून लिहिले. मंडळाने टी-शर्ट परत मागितला नाही, एवढंच.

फायनल आम्ही जिंकलो. ट्रॉफी कॉमन रूममध्ये आहे, तिच्याकडे बघायला मला आवडत नाही.

म्हणून जिमखाना कमिटीला आणि स्टाफला तीन साध्या सूचना. एक, जिमखान्यात दुखापतीची एक वही ठेवा. कोण, कधी, कुठे लागलं, सगळं लिहा. बाहेर खेळताना लागलं तरी लिहा. दोन, वहीत नाव असलेला खेळाडू डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय उतरणार नाही आणि यात शेवटचा शब्द स्पोर्ट्सच्या सरांचा, कॅप्टनचा नाही. तीन, राखीव खेळाडूंनाही सराव सामन्यांत पूर्ण वेळ द्या, म्हणजे ‘तू नसलास तर संपलं’ असं कुणाला म्हणायची वेळ येणार नाही. याला खर्च किती? एका वहीचा.

आणि मित्रांनो, टीव्ही रूममध्ये पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘पैसा आला की माणूस बसतो’, तर त्याला एवढंच सांगा: बसू दे की बाबा त्याला! लागलंय त्याला.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)