मुंबईची नौका, हैदराबादचं क्षेपणास्त्र. पण इंजिन कुणाचं?

बेल्लमपल्ली : पहलगाममध्ये 22 एप्रिल 2025 रोजी पर्यटकांवर हल्ला झाला आणि दोनच दिवसांनी नौदलाने 'आयएनएस सुरत'वरून एक चाचणी घेतली. पाण्याला जवळपास चिकटून येणारे लक्ष्य या विनाशिकेने क्षेपणास्त्र सोडून पाडले. इशारा कुणाला होता, हे सांगायची गरज नव्हती.

काजीपेठ-बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या या कोळसा पट्ट्यातून समुद्र फार लांब आहे. पण ही नौका तितकी लांबची नाही. ती बांधली मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये. तिच्या पोलादाचं सूत्र हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेचं आणि ते क्षेपणास्त्र तयार करते हैदराबादचीच भारत डायनॅमिक्स. म्हणजे महाराष्ट्र आणि तेलंगणा, दोघांचाही हात तिला लागलेला आहे. म्हणूनच 'स्वदेशी' या शब्दाचा हिशेब नीट मांडून बघायला हवा.

चार नौका, एक प्रकल्प

'सुरत' ही प्रकल्प 15-ब मधली चौथी आणि शेवटची विनाशिका. जानेवारी 2011 मध्ये चार नौकांचा करार झाला. 'विशाखापट्टणम' नोव्हेंबर 2021 मध्ये, 'मुरगाव' डिसेंबर 2022 मध्ये आणि 'इंफाळ' डिसेंबर 2023 मध्ये नौदलात दाखल झाली. 'सुरत' 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत पंतप्रधानांच्या हस्ते दाखल झाली. आराखडा नौदलाच्या दिल्लीतल्या युद्धनौका डिझाइन विभागाचा.

नौकेची लांबी 160 मीटरहून जास्त, वजन सुमारे 7,400 टन आणि वेग ताशी 30 सागरी मैलांच्या वर, म्हणजे 55 किलोमीटरहून अधिक. तिच्यावर 16 ब्रह्मोस, हवाई बचावासाठी 32 मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे, पुढच्या बाजूला 76 मिलिमीटरची तोफ, शिवाय पाणबुडीविरोधी टॉर्पेडो आणि रॉकेट आहेत. रडारला चटकन दिसू नये म्हणून बाहेरच्या भिंती तिरक्या ठेवल्या आहेत.

एक सुधारणा मात्र आवर्जून सांगायला हवी. 'विशाखापट्टणम'ची बांधणी ऑक्टोबर 2013 मध्ये सुरू झाली आणि ती दाखल व्हायला आठ वर्षं गेली. 'सुरत'ला पाच वर्षांहून थोडाच जास्त वेळ लागला. तेच काम चौथ्यांदा करताना हात बसतो, तो असा.

दीड-दोन मिनिटांचा खेळ

24 एप्रिलच्या चाचणीचं महत्त्व कशात? पाण्यावरून काही मीटर उंचीने येणारं क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळे नौकेच्या रडारला साधारण 25-30 किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसतं. ते आवाजापेक्षा थोड्या कमी वेगाने येत असेल तर हातात दीड-दोन मिनिटं उरतात. ब्रह्मोससारखं वेगवान असेल तर जेमतेम अर्धं मिनिट. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं आणि मारायचं. नौकेचं मुख्य रडार चारही दिशांना एकाच वेळी पाहतं आणि क्षेपणास्त्र सरळ वर उडून हवेतच वळतं, ते याचसाठी.

पंचाहत्तर टक्के कशाचे?

सरकारी आकड्यानुसार या नौकांमध्ये सुमारे 75 टक्के सामग्री देशी आहे. आकडा मोठा आहे आणि तो मिरवण्यासारखाही आहे. पण उरलेल्या 25 टक्क्यांत काय येतं, ते बघा. नौका चालवणारी चारही गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनच्या झोर्या-मशप्रोएक्त कंपनीची. मुख्य रडार इस्रायलचं. हवाई बचावाचं क्षेपणास्त्र डीआरडीओ आणि इस्रायल यांनी मिळून विकसित केलेलं, ब्रह्मोस रशियाबरोबर.

झोर्याचा कारखाना मिकोलाइव शहरात आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ते शहर थेट युद्धाच्या तडाख्यात सापडलं. ज्या देशाची क्षेपणास्त्रं आपण वापरतो, त्याने ज्या देशाची इंजिनं वापरतो त्याच्यावर हल्ला केला! खाणीत काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. यंत्र कितीही भारी असो, एक सुटा भाग परदेशातून यायचा राहिला की शिफ्ट बसून राहते. कावेरी इंजिनाची सागरी आवृत्ती आपण तयार केली, तिच्या चाचण्याही झाल्या. पण ती अजून अशा मोठ्या युद्धनौकेवर बसलेली नाही.

भाता पुरेसा आहे का?

दुसरा प्रश्न संख्येचा. 'सुरत'वर दोन्ही मिळून 48 मोठी क्षेपणास्त्रं. अमेरिकेच्या आर्ले बर्क विनाशिकेत 90 ते 96 नळ्या असतात. चीनच्या मोठ्या टाइप 055 मध्ये 112. शिवाय अशा उभ्या नळ्या भर समुद्रात भरता येत नाहीत, बंदरात परतावं लागतं. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हुतींच्या स्वस्त ड्रोनवर महागडी क्षेपणास्त्रं खर्च करताना अमेरिकी नौदलाला हा धडा मिळाला.

हे पाणी आपल्यालाही परकं नाही. जानेवारी 2024 मध्ये एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली, तेव्हा 'विशाखापट्टणम'चे नौसैनिक ती विझवायला जहाजावर चढले. त्या जहाजावर 22 भारतीय होते.

त्यामुळे नौकेइतकाच तिच्यामागचा कारखाना महत्त्वाचा. 'सुरत' दाखल झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 16 जानेवारी 2025 रोजी, संरक्षण मंत्रालयाने नौदलासाठी याच मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा सुमारे 2,960 कोटी रुपयांचा करार भारत डायनॅमिक्सशी केला. सोहळ्याच्या गर्दीत ही बातमी मागे पडली, पण वजन तिचं कमी नाही.

थोडक्यात, सांगाडा आपला झाला, पोलाद आपलं झालं, दारूगोळाही बराचसा आपला होतोय. इंजिन आणि रडार मात्र अजून बाहेरचं आहे. पुढच्या पिढीच्या विनाशिकांचा विचार नौदलात सुरू आहेच. त्यांच्या वेळी टक्केवारी 75 ची 80 झाली का, एवढंच विचारून भागणार नाही. इंजिन कुणाचं, हे आधी विचारावं लागेल.