विमानतळावरची कॉफी : दाम कुणाचे, घाम कुणाचा?

आमेरचा किल्ला पाहून मुंबईला परतणारा आपला मराठी प्रवासी जयपूर शहर ओलांडून सांगानेरच्या विमानतळाकडे निघतो. वाटेत मिर्झा इस्माईल मार्गावर इंडियन कॉफी हाऊस आहे. तेथे घटकाभर थांबून कॉफी घेतली, तर विमानतळावरच्या कपाचे गणित त्याला नीट उमगेल.

कॉफी हाऊसचा इतिहास कामगारांनी विसरता कामा नये. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर आले. ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी १९५७ पासून सहकारी संस्था उभारल्या आणि कॉफी हाऊसे स्वतः चालवून दाखवली. कप भरणारा हातच तेथे धंद्याचा धनी झाला.

विमानतळावर चित्र उलटे दिसते. सुरक्षा तपासणी ओलांडून आत गेलेल्या प्रवाशाला बाहेरच्या टपरीवर परतता येत नाही. ही अडचण ओळखूनच भाव ठरतात. दूध तेच, साखर तीच. पण अनेक विमानतळांवर कपाला दोनशे रुपये आणि त्याहूनही जास्त मोजावे लागतात. जागेचे भाडे आणि विक्रीतला हिस्सा हे सारे त्या एका कपातून वसूल होते. २०१९ मध्ये केंद्राने जयपूरसह सहा विमानतळ खाजगी कंपन्यांना द्यायचे ठरवले, तेव्हा दर प्रवाशामागे सरकारला जास्त रक्कम देणारा बोलीत जिंकला. २०२१ मध्ये जयपूरचा विमानतळ ५० वर्षांच्या कराराने खाजगी हाती गेला.

प्रवाशाचा राग मात्र गल्ल्यावर उभ्या असलेल्या पोरावर निघतो! भाव त्याने ठरवलेला नसतो, भाव वाढला म्हणून त्याचा पगारही वाढत नाही. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी २० कामगारांपासून लागू होत, आता ५० पासून. लहान कंत्राटदाराच्या माणसांनी दाद कुणाकडे मागावी?

स्वस्त कॉफी अशक्य आहे, हे आम्हांला मान्य नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू केला. तेथे चहा १० रुपयांना आणि कॉफी २० रुपयांना मिळू लागली. मनात आणले तर करता येते, हे सरकारनेच सिद्ध केले. पण ही स्वस्ताई कामगाराच्या पोटावर पाय देऊन येता कामा नये.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विमानतळावर एक जागा माफक भाड्याने कामगारांच्या सहकारी संस्थेसाठी राखून ठेवा. आणि इतर ठिकाणी भाड्याच्या करारातच किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी व साप्ताहिक सुट्टीची अट घाला. प्रवासी बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी कप हाती घेताना भावाबरोबर पगारही विचारा. तुमचे आणि गल्ल्यामागच्या कामगाराचे भांडण एकमेकांशी नाही; ते एकाच नफेखोरीशी आहे.