३०६० घ्यावं की ४०६०?

आपल्या होस्टेलमध्ये दोन वाद कधीच संपत नाहीत. पहिला मेसच्या वरणाचा आणि दुसरा ग्राफिक्स कार्डाचा! पहिल्यावर उपाय नाही. दुसऱ्यावर मात्र मी स्वतःचे, म्हणजे खरं तर बाबांचे, पैसे घालून थोडाफार अभ्यास केला आहे. तो तुमच्यापुढे मांडतो.

मी धनजचा. वाशीम जिल्हा, कारंजा तालुका. घरी सोयाबीन आणि तूर. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी सोयाबीनच्या पानाचा फोटो पाहून पिवळा मोझॅक ओळखणारा प्रोग्राम करायचा ठरवला. त्यासाठी कार्ड हवं. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून बाबा एकच कार्ड घेऊन देणार होते. चुकलं तर दुसरं नाही. समोर पर्याय दोन : एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० (१२ जीबीचं) आणि आरटीएक्स ४०६०.

होस्टेलचा निकाल एका मिनिटात लागला. "अरे, ४ हा ३ पेक्षा मोठा असतो, एवढं तरी मॅथ्स येतं ना?"

येतं. म्हणूनच पुढचे आकडेही वाचले.

३०६० आलं २०२१ च्या फेब्रुवारीत, ३२९ डॉलरला. ४०६० आलं २०२३ च्या जूनमध्ये, २९९ डॉलरला. नवं आणि स्वस्तही! कोअर ३०६० मध्ये ३५८४ आणि ४०६० मध्ये ३०७२, म्हणजे नव्यात कमी. पण नव्याचा क्लॉक १.७८ वरून २.४६ गिगाहर्ट्झवर गेला. त्यामुळे कागदावरची ताकद १२.७ टेराफ्लॉप्सवरून १५.१ वर जाते. साध्या एचडी स्क्रीनवर गेम खेळलात तर ४०६० साधारण पंधरा ते वीस टक्के पुढे असतं. शिवाय मधल्या फ्रेम स्वतः तयार करण्याची एनव्हिडियाची सोय या दोघांपैकी फक्त त्याच्यातच आहे. इथपर्यंत होस्टेल बरोबर.

आता दुसरी बाजू. मेमरी १२ जीबीची ८ जीबी झाली. मेमरीचा रस्ता १९२ बिटचा १२८ बिट झाला. १९२ ला १५ गिगाबिटने गुणून ८ ने भागा, ३०६० चे ३६० जीबी प्रति सेकंद येतात. १२८ ला १७ ने गुणून भागा, ४०६० चे २७२ येतात. ही घट भरून काढायला कंपनीनं आतली एल-टू कॅश ३ एमबीवरून २४ एमबी केली. गेममध्ये ही युक्ती चालते, कारण तोच तो डेटा पुन्हा पुन्हा लागतो. पण कॅश वाढल्यानं वेग सावरतो, जागा वाढत नाही. कोठार लहान असेल तर दार कितीही मोठं करा, पोती तेवढीच मावणार.

आणि जागा संपली की काय होतं? एक तर प्रोग्राम बंद पडतो, नाही तर उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये जातो आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ये-जा करत राहतो. इथे एक गोष्ट फार कमी जण पाहतात. ३०६० त्या स्लॉटच्या सोळा लेन वापरतं, ४०६० फक्त आठ. बोर्ड नवा, चौथ्या पिढीचा असेल तर फारसं जाणवत नाही. पण माझ्यासारखा जुना, तिसऱ्या पिढीचा बोर्ड असेल तर आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातात, सोळामधून जवळपास १६. म्हणजे ज्याची जागा आधी संपते, त्याचाच रस्ता अरुंद!

मग ३०६० निर्विवाद? थांबा. ते १७० वॅट खातं, ४०६० ११५. फरक ५५ वॅटचा. रोज सहा तास चालवलं तर महिन्याला सुमारे १० युनिट. पुण्यात बसून हा आकडा किरकोळ वाटेल. आमच्याकडे लाइट गेली की सगळं घर इन्व्हर्टरवर असतं आणि त्याच बॅटरीवर आजीचा पंखाही फिरतो. ५५ वॅट म्हणजे जवळजवळ एक पंखाच की!

सुट्टीत घरी गेलो तेव्हा हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बैल घेताना आपण नुसते शिंगं पायतो का रे? जमीन कशी हाये, काम कोन्तं हाये, चारा किती हाये, हे पायतो ना?"

चार वर्षं इंजिनिअरिंग शिकूनही मला हा प्रश्न सुचला नव्हता. माझं काम होतं मॉडेल शिकवणं. तिथे वेग कमी पडला तर रात्रभर चालवता येतं, पण मेमरी कमी पडली तर चालवताच येत नाही. भाषेचं मॉडेल घ्या. ७०० कोटी पॅरामीटर, प्रत्येकाला एक बाइट, म्हणजे नुसती ७ जीबी. ८ जीबीच्या कार्डात मग श्वास घ्यायलाही जागा नाही, १२ मध्ये ते आरामात बसतं. मी ३०६० घेतलं. मोठी ट्रेनिंग लाइट असतानाच चालवायची, हा बाबांशी झालेला करार!

पण तुम्हीही तेच घ्या असं मी म्हणणार नाही. फक्त गेम, व्हिडिओ एडिटिंग आणि नवा बोर्ड असेल तर ४०६० घ्या, वीजही वाचेल. माझं म्हणणं एवढंच, की नावातला आकडा हा विकणाऱ्याचा आकडा आहे. आपल्या कामाचा आकडा आपल्यालाच शोधावा लागतो. २०२२ मध्ये ३०६० याच नावानं ८ जीबी आणि १२८ बिटचं कार्डही बाजारात आलं. नाव तेच, पण वेग ३६० ऐवजी २४०! आणि २०२५ च्या मे महिन्यात आलेल्या ५०६० चा मेमरीचा वेग ४४८ झाला, तरी जागा ८ जीबीच. नंबर वाढत गेला, कोठार तेवढंच राहिलं.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याला जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. तो एका अवाढव्य प्रोसेसरवर नाही, छोटे छोटे अनेक प्रोसेसर जोडून. हाती काय आहे आणि काम काय आहे, हा हिशेब आधी मांडला म्हणून ते जमलं. मुरंबा आमच्या शेजारच्याच तालुक्यातलं! निदान त्या शेजाराला जागून तरी, पुढच्या वेळी खोक्यावरचा नंबर वाचून झाला की खोकं उलटं करा आणि मागची बारीक अक्षरंही वाचा. पैसे आपल्या बाबांचे असतात, राजेहो!

— अंतिम वर्ष, संगणक शाखा