गाडी कोणाची, नाव कोणाचे?

टेस्ला या अमेरिकन मोटार कंपनीचे सर्वेसर्वा ईलॉन मस्क यांना वर्तमानपत्रे थोर इंजिनिअर ठरवून मोकळी झाली आहेत. आमचे तरुण कामगार बंधूही आता तेच बोलतात, म्हणून लिहिणे भाग पडले. भांडवल घालणे आणि यंत्र घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर चढवणे आम्हांला मान्य नाही.

ही कंपनी २००३ साली मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी काढली. मस्क २००४ मध्ये आले ते पैसा घेऊन. २००८ साली बाजारात आलेल्या पहिल्या रोडस्टर मोटारीचा सांगाडा इंग्लंडच्या लोटस कंपनीकडून येई. विजेवर चालवण्याची मूळ तऱ्हा एसी प्रोपल्शन या छोट्या कंपनीच्या परवान्यावर घेतलेली. पुढच्या मॉडेल एसचे सेल जपानच्या पॅनासॉनिकचे. हजारो सेल एकत्र जुळवून ते थंड राखण्याची करामत टेस्लाच्या स्वतःच्या इंजिनिअरांची, हे कबूल. पण मग त्या इंजिनिअरांची नावे घ्या!

कोणी म्हणेल, धोका तर मस्क यांनीच पत्करला. पत्करला, आणि २००८ च्या मंदीत कंपनी बुडता बुडता वाचली, हेही खरे. आयत्या बिळावर नागोबा म्हणण्याइतके आम्ही कठोर नाही. पण २०१० साली अमेरिकी सरकारने ४६.५ कोटी डॉलर कर्ज दिले, ते तिथल्या जनतेचे होते. कंपनीने ते २०१३ मध्ये फेडले, तरी अडचणीच्या वेळचा धोका जनतेनेही उचलला होता.

खरी मेख पुढे आहे. टेस्लाच्या 'ऑटोपायलट'चा सुरुवातीचा डोळा, म्हणजे रस्ता ओळखणारी चिप, इस्रायलच्या मोबिलआय कंपनीची होती. २०१६ च्या मे महिन्यात फ्लोरिडात ऑटोपायलटवर चाललेली मोटार आडव्या आलेल्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक ठार झाला. टेस्लाने सांगितले, पांढरा ट्रेलर उजळ आकाशात ना यंत्रणेला दिसला ना चालकाला. मोबिलआयने सांगितले, आमची यंत्रणा आडव्या वाहनासाठी बनवलेलीच नव्हती. दोघांची फारकत झाली. कौतुकाच्या दिवसांत पुरवठादार कोणाला ठाऊक होता?

हा अनुभव आपल्याला नवा आहे का? नव्या गाडीची फीत कापताना फोटो कोणाचा येतो आणि अपघात झाला की आधी निलंबित कोण होतो, हे लोको पायलट आणि पॉइंट्समन बंधूंना सांगायला नको. पोस्टात बराच काळ सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचे होते, पण सर्व्हर बसला की शिव्या काउंटरवरच्या असिस्टंटने खायच्या.

नावाच्या बाबतीत मात्र रेल्वे कामगार प्रामाणिक. वाराणसीत १९६४ पासून बनलेल्या डिझेल इंजिनाला शेडमध्ये आजही 'अल्को' म्हणतात, कारण नकाशे अमेरिकेच्या त्या कंपनीचे. कपूरथळ्यात बनलेला डबा 'एलएचबी', जर्मनीच्या लिंके-हॉफमान-बुशचा. वाराणसी-कपूरथळ्याच्या कामगारांना यात कमीपणा वाटला नाही.

हा केवळ मानाचा प्रश्न नाही. २०१८ साली मस्क यांच्यासाठी मंजूर झालेल्या मोबदल्याची किंमत सुमारे ५,६०० कोटी डॉलर मोजली गेली. एकट्याने सारे घडवले ही कथा पसरल्याशिवाय एवढी रक्कम भागधारकांच्या गळी उतरते काय?

डेपोत किंवा पोस्टात नवे यंत्र येईल तेव्हा उद्घाटनाच्या पाटीवर ते बनवणाऱ्या कारखान्याचे आणि बसवणाऱ्या गँगचे नाव घालावे, अशी मागणी आमच्या शाखांनी लेखी द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.