तो प्यायला नव्हता

एप्रिलचा महिना होता, जयंतीची तयारी चालली होती. आमच्या वस्तीतला एक बिगारी, वय पस्तिशीच्या आतलं, भर दुपारी झोकांड्या खात घरी आला. जीभ जड झालेली, हात थरथरत होते, दारातच उलटी झाली. शेजारपाजाऱ्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. दारू सोडून त्याला तीन वर्षं झाली होती. ऐन जयंतीत पुन्हा सुरू केली म्हणून बायकोने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी तो लेकरांनाही ओळखेना, तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात नेला.

तो प्यायला नव्हता. त्याच्या रक्तात लिथियम वाढलं होतं.

लिथियम ही बायपोलर आजारावरची जुनी आणि स्वस्त गोळी. या आजारात माणूस कधी दिवसचे दिवस न झोपता सुसाट सुटतो, तर कधी त्याला अंथरुणातून उठवत नाही. या गोळीने कितीतरी संसार सावरलेले आम्ही पाहिले आहेत. म्हणून हे वाचून कुणी घरातली गोळी नाल्यात फेकू नये. ती मनाने एकदम बंद केली तर आजार उसळून येतो. पण या गोळीचा गुण आणि तिचं विष यांत अंतर फार थोडं आहे. तपासणीच्या कागदावर आकडा साधारण ०.६ ते १ च्या दरम्यान असावा लागतो. १.५ च्या वर गेला की धोका. त्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, म्हणजे सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं.

अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवते. आमच्या या भावाला दोन दिवस जुलाब लागले होते. उन्हात स्लॅबचं काम चालू होतं. त्यात कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून तो खात होता. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्यांनीही रक्तातलं लिथियम वाढतं. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. त्याला त्यातली एकही माहीत नव्हती.

वहिनींना आम्ही विचारलं, दवाखान्यातून सोडताना काय सांगितलं होतं? म्हणाल्या, "चालू ठेवा म्हणाले." एवढंच. कार्डावर इंग्रजीत 'बीडी' लिहिलेलं. बीडी म्हणजे दिवसातून दोन वेळा. वहिनींनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि डॉक्टरांनी बिडी बंद करायला सांगितली असं समजून वर्षभर नवऱ्याच्या बिडीवर पहारा ठेवला. सांगताना त्यांना हसू आलं, आम्हाला आलं नाही. रक्त सुरुवातीला एकदा तपासलं होतं. पुढचे १४ महिने कुणी तपासलं नाही, आणि तपासायचं असतं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. मनोरुग्णांच्या वॉर्डात आम्ही बरीच वर्षं ड्युटी केली आहे. नर्सिंगला पाच गोष्टी पाठ करून घेतात: बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर वेळ, बरोबर मार्ग. रात्रपाळीला एक सिस्टर आणि चाळीसच्या वर पेशंट असले की पहिल्याच गोष्टीला ठेच लागते. एका रात्री एकाच नावाचे दोघेजण होते. एकाच्या गोळ्या दुसऱ्याला गेल्या. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. नोंदवहीत आम्ही 'रात्री शांत झोप' असं लिहिलं. गोळी गिळली की नाही हे बघायला आम्ही प्रत्येकाला जीभ उचलायला लावायचो. गोळीने तुला काय होतंय, हे किती जणांना विचारलं? बोटावर मोजण्याइतक्यांना.

एका पोराला हॅलोपेरिडॉल सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मान वाकडी झाली, डोळे वर चढले. 'नाटक करतो' म्हणून आम्ही तासभर दुर्लक्ष केलं. तो त्या औषधाचाच परिणाम होता. एका इंजेक्शनने थोड्या वेळात मान सरळ झाली. घरी असं झालं असतं तर आजीने 'अंगात आलं' म्हटलं असतं. आमच्याकडे तर डिप्लोमा होता.

आता घरातली गोष्ट. मुलगा गोळी घेत नाही म्हणून आई ती कुटून चहात घालते. त्या माऊलीला आम्ही दोष देत नाही, तिच्यापुढे दुसरा मार्ग कुणी ठेवलेला नसतो. पण काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळतील अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं. तो कप धाकट्याने उचलला तर आणखी वेगळंच. आणि ज्या दिवशी पोराला हे कळतं, त्या दिवसापासून तो घरचं अन्नही संशयाने बघतो. गोळी का नको, हे त्याला विचारावं. तोंड कोरडं पडतं, वजन वाढतं, दिवसभर गुंगी राहते, नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते. कारण बहुतेक वेळा यातलंच निघतं, आणि त्यावर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात.

देवऋषी आपल्या घरांनी सोडला, पण मेडिकलवाल्याला देवऋषी करून ठेवलं आहे. झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागितल्या जातात. सवय लागते, आणि मग एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते. दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला उपचाराची आणि औषधाच्या दुष्परिणामांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिला आहे. आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत, हेही त्यात आहे. आमचं मत असं की घरी सोडण्याआधी सिस्टरने दहा मिनिटं बसून मराठीत सगळं सांगावं, आणि ती दहा मिनिटं मिळतील एवढ्या सिस्टर सरकारने भराव्यात. रक्ताची तपासणी बाहेर पैसे देऊन करायला लावून औषध मोफत दिलं म्हणणं आम्हाला पटत नाही. बिगाऱ्याचा एक दिवसाचा खाडा आणि लॅबचे पैसे, यात तपासणीच राहून जाते.

तो भाऊ वाचला. मात्र चालताना अजून तोल जातो, स्लॅबच्या कामावर आता कुणी घेत नाही. काही लोक अजूनही त्याला बेवडाच म्हणतात. वहिनींनी पत्र्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: गोळीचं नाव, पुढच्या तपासणीची तारीख, आणि जुलाब-उलटी झाली, हात जास्त कापू लागले किंवा बोलणं अडखळलं तर गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात थांबणार आहोत. घरात मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर पाकिटं, कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन या. नावं वाचून मराठीत लिहून देऊ. व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या लेकीसुनांनी जरूर यावं. त्या गोळीने पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं लागतं. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर मागच्या खोलीत बसू. तोवर अडलं तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.