तीन तास कुणाचे?

मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर, विमानाचा वेळ तीन-सव्वातीन तास. आपल्याच देशातलं गुवाहाटी मुंबईहून याच्यापेक्षा लांब पडतं. हा हिशोब एजंट नोकरीबरोबर ऐकवतो, आणि मुलगा निघाला की रडणाऱ्या आईला नातेवाईक ऐकवतात. "दुबई म्हणजे काय, शेजारचंच गाव!" तिथलं घड्याळ दीड तास मागं, त्यामुळे पहाटे चारला उडालेला माणूस तिथल्या पावणेसहाला उतरतो. ऐकायला झकास.

आगाशीच्या पोराला आधी अर्नाळ्याहून येणारी एसटी नाहीतर रिक्षा धरून विरार स्टेशन गाठायचं असतं, मग लोकलनं अंधेरी, पुन्हा रिक्षा, आणि विमानतळावर तीन तास आधी हजर. उडण्यापूर्वीच उड्डाणाहून जास्त वेळ गेलेला असतो. पण विरार लोकलमध्ये वाढलेल्याला त्याचं काय कौतुक! माझं भांडण त्या तासांशी नाही.

तीन तास हा आकडा ज्याचा पासपोर्ट त्याच्याच खिशात आहे, रजा हक्काची आहे आणि तिकिटाला पैसे आहेत, त्याचा आहे. अमिरातीत मालकानं कामगाराचा पासपोर्ट ठेवणं बेकायदा आहे, तरी 'सांभाळायला' म्हणून ठेवला जातोच. सौदीनं २०२१ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जायची मुभा दिली, पण घरकामगार आणि खासगी ड्रायव्हर त्यातून वगळले. दहावी न झालेल्याला आखातात नोकरीला जाताना १९८३ च्या कायद्यानं आपल्या सरकारची मंजुरी लागते. ती चुकवायला एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतो, आणि मग तो माणूस कामगार म्हणून कुठल्याच कागदावर उरत नाही. ईदेला, मे महिन्यात अंतर तेच असतं, तिकीट मात्र दुप्पट-तिप्पट.

आपल्या फुकहांनी अंतर कसं मोजलं ते बघा. हनफी मसलकात मुसाफिर कोण? तीन दिवसांच्या चालीइतकं लांब निघालेला. किलोमीटर नंतर काढले, मूळ माप माणसाच्या पायांचं. आणि कुठे पंधरा दिवस राहायचा इरादा केला की तो मुकीम, नमाज पूर्ण पढायची. शाफईंत, म्हणजे आपल्या बहुतेक कोकणी घरांत, चारच दिवस. शरियतनं ज्याला पहिल्याच आठवड्यात रहिवासी मानलं, त्याला ते राज्य वीस वर्षांनीही दोन-दोन वर्षांच्या व्हिसावरच ठेवतं.

आता बापाची मय्यत. दफनाला उशीर करू नये ही आपली शिकवण. सकाळी इंतकाल झाला तर असरपर्यंत दुबईचा मुलगा कब्रस्तानात उभा राहू शकतो, आकड्यात बसतं ते. प्रत्यक्षात सुपरवायझर साइटवर सापडत नाही, पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. अमिरातीच्या कामगार कायद्यात आई-वडिलांच्या मृत्यूसाठी तीन दिवसांची पगारी रजा आहे. ती मृत्यूच्या दिवसापासून मोजतात. मुलगा पोहोचेपर्यंत मातीवर पाणी शिंपडून लोक घरी गेलेले असतात, आणि चारजण म्हणतात, तीन तासांवर तर होता, आला नाही. त्या चौघांना कुणीतरी गप्प करायला हवं.

आणि एजंट पुन्हा दारात आला, तर पासपोर्ट कुणाकडे राहणार आणि घरी मय्यत झाली तर तिकीट कोण काढणार, हे करारात कुठे लिहिलंय ते त्याला बोट ठेवून दाखवायला सांगा.