साहेब बदलले, रस्ता तोच!



नीरा नदीच्या काठी, इंदापूर तालुक्यात, निरवांगी नावाचे गाव आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो. हा सारा पट्टा उसाचा. हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या जोड-ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यांवरून धावतात, आणि काळ्या मातीवर टाकलेला पातळ मुरूम पहिल्या दोन पावसांतच जमिनीत गडप होतो. या भागातील कोणत्याही गावी आपल्या समाजाची चार माणसे एकत्र बसली की एक प्रश्न हटकून निघतो: वस्तीचा रस्ता कधी होणार? आणि त्याचे एक उत्तरही ठरलेले असते: साहेबांची बदली झाली, नवे साहेब हजर झाले म्हणजे पाहू.

आज या उत्तराविषयीच आपणाशी बोलावयाचे आहे. रस्त्यातील खड्डा खडीने बुजविता येतो. परंतु हे उत्तर ऐकून ज्या मनाचे समाधान होते, त्या मनातील खड्डा बुजविण्यास दुसरेच साहित्य लागते.

नोकरवर्ग बदलतो यात नवल काय? उन्हाळा आला की बदल्या होतात. शाखा अभियंता जातो, ग्रामसेवक जातो, गटविकास अधिकारी जातो. कित्येक ठिकाणी एकाच ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावांचा कार्यभार असतो. २०२४ साली राज्य सरकारने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नवे नाव दिले. २०२२ च्या मार्च महिन्यात पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे लोकांनी निवडलेले सदस्य नव्हते, प्रशासकाच्या हाती कारभार होता. पूर्वी रस्त्यारस्त्यावर घमेले-फावडे घेतलेले मैलकुली दिसत. खड्डा पडला की तो लहान असतानाच बुजवावा, पावसापूर्वी गटार मोकळे करावे, साइडपट्टीचे गवत काढावे, हे त्यांचे काम. ती माणसे आज क्वचितच दृष्टीस पडतात. त्यांच्या जागी निविदा आली, कंत्राटदार आला. परिणाम असा झाला की जो खड्डा एका घमेल्याने बुजला असता, तो अंदाजपत्रक तयार होईपर्यंत खंदक होऊन बसतो.

परंतु पदाचे नाव बदलले म्हणून पदाचे कर्तव्य बदलत नाही. अधिकारी जातो, कार्यालय राहते. दप्तर राहते, आवक-नोंदवही राहते, मोजमाप-पुस्तिका राहते. जो अर्ज दप्तरात आहे तो नव्या अधिकाऱ्यावरही बंधनकारक असतो. जो शब्द जुन्या अधिकाऱ्याने ओसरीवर बसून दिला, तो त्याच्याच सामानाबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो. आपले बहुतेक रस्ते असे सामानाबरोबर निघून गेले आहेत.

असे का झाले? याचे कारण आपल्या इतिहासात आहे. महारवतन काय होते हे आपल्या घरातील वृद्धांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकले असेल. गावात येणाऱ्या सरकारी माणसाला वाट दाखवावी, त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोचवावे, निरोप घेऊन रात्री-अपरात्री धावावे, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व दारोदारचा बलुत्याचा तुकडा घ्यावा. रस्त्यावर सर्वांत अधिक पाय ज्यांचे झिजले, त्या रस्त्यावर हक्क मात्र त्यांचा नव्हता. ही गुलामगिरी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली. वतन गेले, परंतु वतनाने लावलेली एक सवय मागे राहिली. ती म्हणजे अधिकाऱ्याला मायबाप समजण्याची सवय. चांगला साहेब आला तर आपले भाग्य, वाईट आला तर आपले नशीब! ज्याने १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांचा वारसा पत्करला त्याच्या तोंडी नशीब हा शब्द शोभत नाही. तथागतांनी अखेरच्या दिवसांत भिक्खूंना सांगितले ते हेच की, दुसऱ्या कोणाचा आधार शोधू नका, स्वतःच स्वतःचा आधार व्हा. दीक्षा घेऊन देव्हारा रिकामा केला आणि त्याच जागी साहेबाला बसविले, तर दीक्षेचे सार्थक ते काय?

आता हक्काचा आधार कोणता तेही पाहू. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्याबरोबर रस्ते हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखले जाणारे रस्ते वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला आडकाठी करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. ज्यांच्या पूर्वजांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला लाठ्या खाव्या लागल्या, त्यांना या शब्दाची किंमत वेगळी सांगावयास नको. पण विचार करा: रस्ता वापरण्यास बंदी नाही, मात्र रस्ता गावच्या वेशीपर्यंत डांबरी आणि आपल्या वस्तीकडे वळताच चिखलाचा, मग ती मनाई नव्हे तर काय? बाळंतिणीला बाजेवर घालून डांबरापर्यंत आणावे लागते, पावसाळ्यात मुलगी दप्तर डोक्यावर घेऊन शाळेला जाते आणि चार दिवसांनी जाणेच सोडते. लाठी कोणी उगारली नाही, तरी वाट अडली ती अडलीच.

रस्ता कोणाचा हे प्रथम ओळखावे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि गावातील व वस्तीतील अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे. जिल्हा परिषदेच्या रस्त्याचा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन वर्षभर वाट पाहणारे कितीतरी बांधव आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्याची पहिली ५ वर्षांची देखभाल ज्या कंत्राटदाराने तो बांधला त्याच्यावरच असते, आणि तसा फलक रस्त्याच्या कडेला लावलेला असतो. तो फलक आपण कधी वाचला आहे काय? वाचता येत असून न वाचणे हे निरक्षरतेपेक्षा वाईट होय.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्या वस्त्यांच्या विकासासाठी शासनाची स्वतंत्र योजना आहे. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी असा दंडक आहे. या तरतुदी उपकार नव्हेत. शतकानुशतके जे नाकारले गेले त्याची ती अल्पशी भरपाई होय. परंतु प्रत्यक्षात काय घडते? गावाचा सर्वसाधारण निधी खर्चावयाची वेळ आली की आपणास सांगण्यात येते, तुमचा निधी वेगळा आहे, तुमचा रस्ता त्यातून होईल. म्हणजे गावाच्या पैशातून गावाचा रस्ता, आणि वस्तीच्या पैशातून वस्तीचा! आपल्या पूर्वजांसाठी चहाच्या दुकानाबाहेर खुंटीला फुटका कप टांगलेला असे. वेगळा निधी हा तसा वेगळा कप होता कामा नये. आपण घरपट्टी भरतो ती काही वेगळ्या पेटीत जात नाही. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. सर्वसाधारण निधीतील वाटा नागरिक म्हणून प्रथम, आणि विशेष निधी त्यावर अधिक. विशेष निधी सर्वसाधारण निधीच्या जागी चालणार नाही.

हे बोलावयाचे कोठे? ग्रामसभेत. बाबासाहेबांना खेड्याविषयी भ्रम नव्हता. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले, आणि त्याआधी १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीच्या बिलावर बोलताना अस्पृश्यांसाठी राखीव जागांचा आग्रह धरला. ती मागणी देशभर मान्य होण्यास १९९३ साल उजाडावे लागले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून मिळाल्या. इतक्या वर्षांनी मिळालेल्या या जागांचे आपण काय केले? राखीव जागेवर निवडून आलेला आपला सदस्य ठराव न वाचता सही करतो, आपल्या सरपंच भगिनीच्या खुर्चीशेजारी दुसराच कोणी बसून कारभार हाकतो, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो. कंत्राटदाराने जयंतीला मंडपाचा खर्च दिला म्हणून त्याच्या निकृष्ट कामाविषयी मौन पाळणारेही आपल्यात आहेत. हे लिहिताना लेखणी जड होते, परंतु स्वतःचे दोष झाकणारा समाज दुसऱ्याचे दोष दाखविण्याचा अधिकार गमावतो.

कोणी म्हणेल, ग्रामसभेला गणपूर्तीच होत नाही. कायद्याने १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती पुरते. आपल्या वस्तीतून स्त्री-पुरुष मिळून तीस-चाळीस मतदार वेळेवर जाऊन बसले तर त्या सभेचे रूप पालटेल. ठराव तोंडी नको, लेखी द्या. रस्त्याचे नाव, कोठून कोठपर्यंत, लांबी किती, मोरी कोठे हवी, हे त्यात लिहा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. प्रत्येक वस्तीने विहारात एक वही ठेवावी व तीत अर्जाची तारीख, कार्यालय आणि मिळालेले उत्तर नोंदवावे. नवा अधिकारी हजर झाला की हार घेऊन जाण्याऐवजी ती वही घेऊन जावे. काम झाल्याचे सांगण्यात आले आणि रस्ता दिसत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अंदाजपत्रकाची व मोजमाप-पुस्तिकेची प्रत मागावी. ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. आपल्यातील अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाने सुट्टीत गावी आल्यावर एक दिवस टेप घेऊन रस्ता मोजावा. त्याच्या शिक्षणावर समाजाचे एवढे ऋण निश्चितच आहे.

आपल्या धम्मवाङ्मयात या विषयाला अगदी जुळणारी एक कथा आहे. कुलावक जातकात मघ नावाचा तरुण भेटतो. मगध राज्यातील एका खेड्यात त्याने आपल्यासारख्या तीसएक माणसांना जमविले. ही मंडळी पहाटे उठून चव्हाट्यावरील धोंडे बाजूला सारीत, गाड्यांच्या आसांना अडणारी झाडे तोडीत, उंचसखल जागा सपाट करीत, बांध घालीत, तळी खोदीत. गावचे लोक शीलाने वागू लागले, दारू आणि भांडणे थांबली. तेव्हा गावच्या मुख्याचे उत्पन्न बुडाले, कारण दारूवरील कर आणि दंड यांवरच त्याचे पोट चाले. त्याने राजाकडे जाऊन हे दरोडेखोर आहेत अशी फिर्याद केली, आणि राजाने चौकशीविना त्यांना हत्तींच्या पायी देण्याची आज्ञा केली. हत्तींनी त्यांना तुडविले नाही व पुढे मघ देवलोकी जन्मला, हा कथेतील भाग आपण बुद्धिवादी म्हणून बाजूला ठेवू. परंतु रस्ता सुधारणारा माणूस कोणाच्या तरी मिळकतीवर घाव घालतो आणि मग त्याच्यावर आळ येतो, एवढे सत्य त्या कथाकाराला तेव्हाच उमगले होते. आपणावरही आळ येतील. म्हणूनच कागद हाती असावा.

त्याच कथेत आणखी एक गोष्ट आहे. मघाच्या मंडळींनी धर्मशाळा बांधावयास घेतली तेव्हा स्त्रियांना त्यात भाग द्यावयाचा नाही असे ठरविले होते. सुधम्मा नावाच्या स्त्रीने सुताराशी संधान बांधून शिखराचे लाकूड आपल्याकडे तयार ठेवले, आणि तिच्यावाचून इमारत पुरी होईना तेव्हा त्यांना तिला वाटा द्यावा लागला. भगिनींनो, आज तुम्हाला अशा युक्तीची गरज नाही. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. पाण्याचा हंडा आणि आजारी लेकरू घेऊन चिखल तुम्ही तुडविता. रस्त्याविषयी पहिला ठराव तुमचाच असला पाहिजे.

नवदीक्षित कुटुंबांना एवढेच सांगणे आहे. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वृक्ष लावले, विहिरी खोदल्या, आणि ते शिलालेखांत कोरून ठेवले. वाटसरूची सोय करणे हे धम्माचेच काम आहे असे तो मानीत होता. आपण पंचशील म्हणून विहारातून बाहेर पडतो तेव्हा पहिले पाऊल ज्या वाटेवर पडते, ती वाट धम्माबाहेरची नाही. येत्या ग्रामसभेला किती घरांतून किती माणसे जाणार, याची यादी आजच रात्री वस्तीत बसून करावी. साहेब येतील आणि जातील. अर्ज ज्यांच्या वहीत नोंदलेला आहे, त्यांना नव्या साहेबापुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

जय भीम!